उशिरा आलेला राखणदार

मुलांनो, नीट बसा आणि ऐका. ही गोष्ट एका भेकराची आहे. भेकर म्हणजे हरणाच्याच जातीचे एक लहान जनावर. पुढून बुटके, मागून उंच. त्यामुळे ते ताठ उभे राहिले तरी वाकल्यासारखे दिसते. पण धोका दिसला की ते कुत्र्यासारखे भुंकते, आणि तो आवाज डोंगराच्या पलीकडे जातो.

असे एक भेकर सागाच्या रानात आपल्या आईबरोबर राहत होते. त्या रानात एका म्हाताऱ्या वानराची शाळा होती. लहानमोठे सगळे त्याला गुरुजी म्हणत. वाऱ्यावरचा वास कसा ओळखावा, ओल्या मातीतला ठसा कुणाचा, कोणते फळ पोटाला चालते, हे गुरुजी शिकवत. शिक्षण पुरे झाले की पावसाळ्याच्या तोंडावर विद्यार्थी शाळा सोडत. मग ज्याने त्याने आपले रान निवडून तिकडे जायचे, अशी रीत होती.

शाळेत राखणदारांचा एक गट होता. उन्हाळ्यात ओढे आटले की एकाच डोहात पाणी उरे आणि संध्याकाळी सगळी जनावरे तिथे उतरत. पाणी पिणाऱ्याची मान खाली असते. त्याला मागचे दिसत नाही. म्हणून डोहाच्या वरच्या कातळावर राखणदार उभे राहत आणि सगळ्यांचे झाल्यावर पाणी पीत. रान निवडायची वेळ आली की गुरुजी आधी त्यांना बोलावत. राखणदार होणे हा त्या शाळेतला मोठा मान होता.

डोहावर एक नियमही होता. कातळावरून आलेली हाक तेवढी खरी मानायची. बाकी कुणी कुठूनही ओरडले तरी पाणी सोडायचे नाही. हा नियम उगाच झालेला नव्हता. पूर्वी पोपट गंमत म्हणून ओरडत, सगळे पळत सुटत आणि पिल्ले तहानलेलीच घरी जात. म्हणून मोठ्यांनी बसून तो नियम केला होता.

पण गेल्या उन्हाळ्यात त्याच नियमाने घात केला. भेकराला करवंदीच्या जाळीतून बिबट्या दिसला. ते जीव तोडून भुंकले. डोहावर एकानेही मान वर केली नाही. "जाळीत कुणीतरी ओरडतंय," असे एक चितळ म्हणाले आणि पुन्हा पाण्याला लागले. त्या संध्याकाळी सशिणीचे एक पिल्लू गेले. भेकराचा घसा पुढे बरेच दिवस दुखत होता. 

भेकर राखणदार का नव्हते, तेही सांगतो. पहिल्या वर्षी गुरुजींनी इच्छा असलेल्या सगळ्यांना कातळावर उभे करून पाहिले होते. मोर उभा राहिला, तर दुरून दिसला. सांबर उभे राहिले, तर त्याची शिंगे आभाळाला लागल्यासारखी वाटली. मग भेकर चढले. मोराने मान वाकडी करून विचारले, "हा उभा आहे की बसलाय?" सगळे हसले. गुरुजींनी पुढच्याला बोलावले. भेकर खाली उतरले, ते पुन्हा त्या कातळाकडे फिरकले नाही.

आता शाळेतला शेवटचा उन्हाळा चालू होता. महिन्याभरात पाऊस येणार होता. सांबराच्या पायाला मोठी जखम झाली, त्याला कातळ चढवेना. दुसरा एक राखणदार आधीच दूर निघून गेला होता. दोन जागा मोकळ्या झाल्या. गुरुजींनी एका सकाळी कोल्ह्याला आणि भेकराला थांबवून घेतले.

"कातळावर दोघं हवेत," गुरुजी म्हणाले. "येता का?"

"येतो, गुरुजी," कोल्हा लगेच म्हणाला.

भेकर खुराने माती उकरू लागले. गुरुजी त्याला म्हणाले, "तुला आधीच घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. आता विचारतोय. उद्या सकाळी सांग."

वाटेने जाताना कोल्हा भेकराच्या बरोबर चालू लागला. "यात विचार कसला करतोस रे? चार दिवस वर उभं राहायचं, सगळ्यांना तोंड दाखवायचं. पुढे कोण मोजायला येतंय? रान निवडताना आपण पुढे. मी तर ओढ्याकाठचं रान बघूनही ठेवलंय."

"आणि राखण?"

"मोर आहे की. त्याला तसंही सगळं आपणच करतो असं वाटतं. वाटू द्यावं."

पुढच्या वळणावर मोर भेटला. त्याला बातमी लागली होती. "काय राखणदार," तो म्हणाला, "पंगत उठायला आली आणि आता पान मांडताय? आम्ही इतके उन्हाळे कातळावर भाजून घेतले. तुम्ही शेवटच्या महिन्यात या आणि चांगलं रान घेऊन जा."

"मी अजून हो म्हणालेलो नाही," भेकर म्हणाले.

"म्हणशील. कोल्हा म्हणालाच की."

हे भेकराला फार लागले. आपल्याला आणि कोल्ह्याला लोक एका मापाने मोजणार, हे त्याला सहन होईना. घरी येऊन त्याने आईला सगळे सांगितले. आई मानी होती. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी हसले ना तुला? मग आता त्यांची गरज त्यांच्यापाशी. तुझा बाप बोलावल्याशिवाय कुणाच्या दारी गेला नाही, आणि उशिरा बोलावलं तर मुळीच गेला नाही. नाही म्हणून सांग आणि मोकळा हो."

भेकराला ते पटले. मान आपण होऊन मागितलेला नाही, तेव्हा नाकारण्यात कमीपणा नाही, असे त्याने ठरवले. तरी त्याला बरे वाटत नव्हते. आईने पुढे ठेवलेला पाला त्याने नुसताच हुंगला. 

सकाळी ते गुरुजींकडे निघाले. वाटेत सशीण आपल्या दोन पिल्लांसाठी कोवळे गवत खुडत होती. तिने भेकराला हाक मारली.

"ऐकलं मी. बरं झालं बाई. आता तुझी हाक ऐकता येईल."

"मी नाही म्हणायला चाललोय, मावशी."

सशिणीचे हात थांबले. "का रे?"

"उशीर झालाय. महिन्याभरात पाऊस येईल, मग डोहावर कुणाला यायचंय? तेवढ्यासाठी वर चढलो, तर सगळे म्हणतील हा रानासाठी आला."

"म्हणतील," सशीण म्हणाली. "मोर तर कालपासूनच म्हणतोय. मला येऊन सांगून गेला."

"बघ. मग?"

"मग काय. तुला महिना थोडा वाटतो. मला रोज संध्याकाळी या दोघांना घेऊन खाली उतरायचं असतं. रोज. आज उतरायचं आहे, उद्या उतरायचं आहे. तू वर असलास तर मी पोटभर पाणी पिईन, नसलास तर दोन घोट घेऊन पळेन. एवढाच फरक आहे. तू तुझं बघ."

एवढे बोलून ती पुन्हा गवत खुडू लागली. गेल्या वर्षीच्या पिल्लाचे तिने नावही काढले नाही. तिने काढले असते तर भेकराला उत्तर देणे सोपे गेले असते. ते पुढे चालू लागले. आपण रात्रभर आपलाच विचार केला, मोर काय म्हणेल, आई काय म्हणेल, हे त्याला वाटेत उमगले. पाणी पिणाऱ्यांचा विचार त्यात कुठेच नव्हता.

गुरुजी जांभळाखाली बसले होते. भेकर म्हणाले, "येतो, गुरुजी. पण माझी एक अट आहे. रान निवडताना मला पुढे बोलवायचं नाही. मी सगळ्यांच्या मागे उभा राहीन."

"का?"

"म्हणजे कुणी काही बोलणार नाही."

गुरुजींनी भुवया वर केल्या. "हीसुद्धा ऐटच आहे. कातळावर चढलास की मानाबरोबर येतं ते सगळं घ्यायचं. रानही घ्यायचं आणि लोकांचं बोलणंही. ते नको असेल तर घरी जा."

भेकराने मान खाली घातली. "येतो," ते पुन्हा म्हणाले. या वेळी अट घातली नाही.

त्या संध्याकाळी भेकर कातळावर चढले तेव्हा खाली हसणे झालेच. एका रानडुकराने शेजाऱ्याला विचारले, "वर कोण आहे? मला दिसत नाही." मोर पलीकडच्या टोकाला पिसारा सावरत उभा होता. तो भेकराकडे न बघता म्हणाला, "वाऱ्याने उडून जाऊ नकोस म्हणजे झालं."  भेकराने नाक वाऱ्याकडे केले आणि कान उभे केले. कातळ दिवसभर तापलेला होता, खूर भाजत होते. खाली पाणी पिण्याचा आवाज ऐकून घशाला कोरड पडत होती. हे मोराने इतके उन्हाळे सोसले, हे भेकराला पहिल्यांदाच कळले. त्याच्या टोमण्यांचा राग थोडा कमी झाला.

कोल्हा पहिल्या दिवशी छाती काढून उभा राहिला. डोहाला मिळणाऱ्या कोरड्या नाल्याची बाजू त्याच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला. मग एका संध्याकाळी, सगळे पाण्यावर आहेत असे पाहून, तो करवंदे खायला हळूच उतरून गेला. नाल्याची बाजू उघडी पडली. मोराला ते कळले नाही, कारण मोर समोर बघत होता. भेकरालाही दिसले नाही. पण वारा फिरला, आणि नाल्यातून एक वास आला. तो वास भेकराला ठाऊक होता.

ते भुंकले. गेल्या वर्षी भुंकले होते तसेच, जीव तोडून.

डोहावरच्या माना वर झाल्या, पण पाय हलले नाहीत. हा आवाज त्यांनी कातळावरून कधी ऐकला नव्हता. सगळे मोराकडे बघू लागले. मोराने मान उंच करून चहूकडे पाहिले. "मला तर काही दिसत नाही," तो म्हणाला. "नवीन आहे तो. घाबरला असेल."

भेकर पुन्हा भुंकले. एव्हाना सशीण निघाली होती. तिने मोराकडे पाहिले नाही की नाल्याकडे पाहिले नाही. दोन्ही पिल्लांना पुढे ढकलून ती चढावाला लागली होती. ती पळते आहे हे चितळांनी पाहिले आणि त्यांनी उडी घेतली. मग रानडुकरे, मग सगळेच. डोहाचा काठ रिकामा झाला, आणि त्याच क्षणी बिबट्या नाल्यातून झेपावला. त्याचा पंजा चिखलात बसला. चिडून त्याने कातळाकडे उडी मारली. भेकर केव्हाच पलीकडे उतरले होते. मोराला उडायला उशीर झाला. त्याची चार पिसे बिबट्याच्या पंजात राहिली, बाकी मोर झाडावर पोचला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कोल्ह्याला बोलावले. कोल्हा बरीच कारणे सांगू लागला. पोट बिघडले होते, म्हणाला. गुरुजींनी सगळी ऐकून घेतली. "तू नव्हतास तेव्हा ती जागा जशी रिकामी होती," ते म्हणाले, "तशीच तू असतानाही होती. जा आता." कोल्हा खाली मान घालून गेला. त्याला कुणी चिडवले नाही. ते एक बरे झाले.

संध्याकाळी भेकर कातळावर आले, तर मोर आधीच येऊन उभा होता. पिसारा मध्येच विरळ दिसत होता.  तो स्वतःच्या जागेवरून दोन पावले बाजूला झाला.

"इकडे ये," मोर म्हणाला. "इथे वारा चांगला लागतो. मला वासातलं काही कळत नाही. मी लांबचं बघतो, तू वास घे."

"बरं," भेकर म्हणाले.

"आणि ते पंगतीचं बोललो होतो..."

"राहू दे."

खाली सगळ्यांचे पाणी पिऊन झाले. सशीण आज शेवटपर्यंत काठावर होती. पिल्ले पोट फुगेपर्यंत पाणी प्यायली, वर त्यांनी ते एकमेकांच्या अंगावर उडवले, आणि तिने त्यांना ओरडून बाहेर काढले. चढावरून घराकडे जाताना ती कातळाखाली थांबली.

"उद्या आहेस ना?" तिने वर बघून विचारले.

"आहे, मावशी. पाऊस येईपर्यंत आहे."

"मग पुष्कळ झालं," सशीण म्हणाली आणि ओल्या पिल्लांना पुढे घालून चालू लागली.

तात्पर्य : मान उशिरा मिळाला म्हणून रुसू नये आणि फुकट मिळतो म्हणून धावू नये. त्या जागी उभे राहून कुणाच्या उपयोगी पडता येईल का, एवढेच स्वतःला विचारावे. पडता येत असेल, तर उरलेले दिवस थोडे नसतात.