उतरवलेली पाटी

केंद्रात तीनदा मंत्री झालेले भगवंतराव कडलग अकरा वर्षांनी आपल्या जन्मगावी, बोरखडीला आले, ते रागातच. सभेत उभे राहताच त्यांनी सरपंच इंदूबाईंना सुनावलं, "महाराष्ट्रानं देशाला एवढे पुढारी दिले. ज्याच्या त्याच्या गावात वेशीवर नावाची पाटी असते. माझीच तेवढी नाही?"

इंदूबाई पदर सावरत उठल्या. "लावली होती की, साहेब. पण येणारा-जाणारा पाटी वाचायचा, टँकरपुढची बायांची रांग बघायचा आणि विचारायचा, 'एवढ्या मोठ्या माणसाचं गाव ना हे?' तुमची अब्रू जायला लागली, म्हणून आम्हीच उतरवली."

सभेत कुणीच हसलं नाही. हसले असते तर भगवंतरावांना बरं वाटलं असतं.

"कुठंय ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"हौदावर झाकण म्हणून घातलीय."

ते एकटेच हौदापाशी गेले. धुळीखाली अजून वाचता येत होतं, 'भगवंतराव कडलग यांचे जन्मगाव'. त्यांनी पाटी उचलून आत पाहिलं. लहानपणी याच हौदात ते तासन्‌तास डुंबायचे. आता तळाला तांब्याभर पाणी होतं.

पाटी परत ठेवताना त्यांनी नावाची बाजू खाली केली.