थोरल्या सुनेची आणि भांड्यांच्या यंत्राची कहाणी

ऐका अन्नपूर्णे, तुझ्या उष्ट्या ताटांची कहाणी.

एक नांदतं नगर होतं. नगरात एक भरलं घर होतं. घरात सासू द्वारकाबाई होत्या, सासरे अण्णा होते, दोन लेक होते, दोन सुना होत्या, तीन नातवंडं होती. नऊ माणसं दोन वेळा जेवत. मधे चहा होई, फराळ होई, आल्यागेल्याचं होई. थोरल्या सुनेचं नाव नलिनी, धाकटीचं नाव केतकी. धाकटी नोकरीला जाई, थोरली घरातच असे.

त्या घरी सगुणाबाई भांडी घाशी. तीस वर्षं तिनं घासली. मग तिचे गुडघे गेले. ती म्हणाली, "वहिनी, आता माझ्यानं होत नाही." द्वारकाबाईंनी तिला जेवू घातलं, लुगडं दिलं, निरोप दिला. दुसरी बाई मिळेना. मिळाली ती टिकेना. मग भांडी कुणी घासायची? कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही. ती आपली थोरलीकडे आली.

थोरलीच्या हातांना भेगा पडल्या. पेरांतून रक्त येऊ लागलं. कणीक मळताना मीठ झोंबे, तेव्हा ती डोळे मिटून घेई. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर पाण्यात हात घालू नका." तिनं घरी येऊन ते कुणाला सांगितलंसुद्धा नाही. सांगून काय होणार होतं?

तिचा नवरा श्रीनिवास. त्यानं एके दिवशी ते हात पाहिले. त्याला वाईट वाटलं. त्यानं भांडी घासायचं यंत्र आणलं, डिशवॉशर म्हणतात ते. पाडव्याच्या दिवशी त्याला हळदकुंकू लावलं. थोरलीला वाटलं, सुटले.

पण काय झालं? सासूबाई म्हणाल्या, "यंत्राला खरकटं काय कळतंय? आधी हातानं घासून घे, मग आत लाव." तिनं तसं केलं. यंत्र थांबलं. सासूबाईंनी वाटीला बोट लावून पाहिलं. म्हणाल्या, "साबण राहिलाय. पुन्हा विसळून घे." तिनं तसं केलं. एकदा तिनं घासावं, मग यंत्रानं घासावं, मग पुन्हा तिनं विसळावं.

बाकीची माणसं काय करीत? पूर्वी ती आपलं ताट निदान मोरीपाशी नेऊन ठेवत. आता म्हणत, "यंत्र आहे की." ताट पाटासमोर राही, कप गच्चीत राही, पेला टीव्हीपुढे राही. कुणी दोन कपांसाठी यंत्र लावी. कुणी चालत्या यंत्राचं दार उघडून चमचा आत टाकी. कुणी उष्ट्याला धुतलेलं समजून उचलून नेई. यंत्र आलं आणि थोरलीचं काम तिप्पट झालं. आणि ज्याला त्याला वाटे, आता हिला काय काम आहे?

असं करतां करतां भाद्रपद आला. थोरलीचं माहेर चार तासांच्या वाटेवर होतं. तिथं तिची आई अंथरुणाला खिळली. भाऊ मुकुंद याचा फोन आला. म्हणाला, "आई तुझी आठवण काढते." थोरली सासूबाईंना म्हणाली, "दोन दिवस जाऊन येऊ का?" सासूबाई म्हणाल्या, "गणपती बसायचेत. घर आवरायचंय, मोठी पातेली काढायचीत. मग जा."

गणपती बसले. भावाचा दुसरा फोन आला. म्हणाला, "आई आता जेवत नाही. पाणी तेवढं घेते." थोरली सासूबाईंना म्हणाली, "जाऊन येऊ का?" सासूबाई म्हणाल्या, "परवा गौरी जेवायच्यात. चाळीस पानं उठतील. तूच नाहीस तर कसं व्हायचं? मग जा."

गौरी आल्या, गौरी जेवल्या. दुसरे दिवशी सकाळी भावाचा तिसरा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "ताई, निघ."

थोरलीनं पिशवी भरली. आठ वाजताची एसटी होती. ओट्यावर, मोरीत, खाली फरशीवर कालची भांडी पडली होती. खिरीची पातेली, वड्यांची कढई, वाट्यांच्या उतरंडी. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, "वहिनी, मला आज कामावर जावंच लागेल हो." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आईला विचार." तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "खरकटं टाकून घराबाहेर पडू नये. गौरींना निरोप द्यायचाय आज. एवढं उरकून जा. एकची गाडी आहेच."

थोरली मोरीपाशी उभी राहिली. तिनं सगळी भांडी हातानं घासली. मग यंत्रात लावली. यंत्र दोन तास घरघरत राहिलं. ती समोर स्टुलावर बसून राहिली. मग तिनं ती काढली, विसळली, पुसली, फडताळात लावली. मग एकची गाडी धरली. माहेराच्या दारात पोचली तेव्हा पाच वाजले होते. अंगणात माणसं बसली होती. तिला कळलं.

भाऊ म्हणाला, "तीन वाजता गेली. सारखी विचारत होती, कुठवर आली, कुठवर आली. मी सांगत होतो, निघाली, निघाली." थोरलीनं आईचा हात हातात घेतला. हात गार होता. तिच्या स्वतःच्या हाताला अजून भांड्यांच्या साबणाचा वास येत होता.

तेरावा झाला. नवरा न्यायला आला. म्हणाला, "चल." थोरली म्हणाली, "मी येणार नाही असं नाही. पण डोळे मिटले की आईचं तोंड दिसत नाही. त्या खिरीच्या पातेल्याचं बूड दिसतं. मला त्या मोरीपाशी उभं राहवणार नाही." तो पायरीवर चपला घालू लागला. मग ती म्हणाली, "मला बोलवा. पण भांड्यांसाठी बोलवू नका." तो एकटाच परत गेला.

इकडे घरात काय झालं? पहिल्या आठवड्यात पेल्यांवर पांढरी साय धरली. दुसऱ्या आठवड्यात यंत्राला कुबट वास येऊ लागला, ताटं उष्टी ती उष्टीच बाहेर आली. तिसऱ्या आठवड्यात यंत्राच्या पोटात पाणी तुंबलं आणि फरशीवर आलं. आधी सगळ्यांनी थोरलीला नावं ठेवली. मग यंत्राला ठेवली. मग एकमेकांना ठेवली. धाकटी कामावरून येई ती मोरीपाशी उभी राही. तिचेही हात फुटले. दोघे भाऊ एका ताटलीवरून असे भांडले की एकमेकांशी बोलेनासे झाले. नातवंडं ताटं झाकून, न जेवता उठू लागली. घरात अन्न होतं, पण जेवायला बसावंसं कुणाला वाटेना.

कार्तिकात एके दिवशी सकाळी सगुणाबाई काठी टेकीत आली. तिला थोरलीच्या आईचं कळलं होतं. म्हणाली, "थोरल्या वहिनींना भेटाया आले." द्वारकाबाई म्हणाल्या, "ती माहेरी आहे." त्यांनी पाणी दिलं. सगुणाबाईनं पेला उजेडात धरला, आणि न पिता खाली ठेवला. म्हणाली, "वहिनी, यंत्र दाखवा."

द्वारकाबाई म्हणाल्या, "तुला यातलं काय कळतंय?" सगुणाबाई म्हणाली, "गुडघे गेल्यावर दोन वर्षं मुलींच्या होस्टेलात असल्याच यंत्रावर होते. उभ्यानं काम होतं."

तिनं यंत्राचं दार उघडलं. खालचा खण ओढून काढला. तळातली जाळी फिरवून उपसली. जाळीत भात होता, मोहरी होती, लिंबाच्या बिया होत्या, आणि काळा चिकट गाळ होता. ती म्हणाली, "ही एकदा तरी धुतलीत का?" द्वारकाबाई म्हणाल्या, "असं काही असतं ते मला ठाऊक नव्हतं." सगुणाबाई म्हणाली, "कुणी कधी इथं वाकलंच नाही, मग ठाऊक कसं होईल?"

मग द्वारकाबाईंनी तिला सगळं सांगितलं. तीन फोन सांगितले, आठची गाडी सांगितली. सगुणाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, हे यंत्र एकदा लावलं की त्याचं तेच चालतं. समोर माणसाला बसावं लागत नाही. त्या सकाळी कुणीही लावलं असतं. थोरल्या वहिनी बारा वाजता आईजवळ असत्या."

द्वारकाबाई स्टुलावर बसल्या. थोरली ज्या स्टुलावर बसली होती, त्याच. मग म्हणाल्या, "सगुणा, मी काय करू?"

सगुणाबाई म्हणाली, "एक वसा आहे. घ्याल तर टाकू नका."

"नाही टाकणार. कसा करायचा ते सांग."

"जेवून उठलेल्यानं आपलं ताट आपण उचलावं. खरकटं डब्यात निपटावं. आधी घासू नये, पाणी दुप्पट जातं. करपलेलं तेवढं भिजत घालावं. ताटं, पातेली खाली लावावी, पेले, वाट्या वर लावाव्या, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे करावी. एकात एक घालू नये. पाणी उडवणारा आतला पंखा हातानं फिरवून बघावा, कशाला अडत नाही ना. पितळ, तांबं, लाकूड, लोखंडी तवा आत घालू नये. यंत्रात घालायचं वेगळं मीठ मिळतं, ते संपू देऊ नये, त्याच्यावाचून पेल्यावर साय धरते. यंत्र भरल्यावाचून लावू नये, लावल्यावर उघडू नये. झालं की दार किलकिलं करून वाफ जाऊ द्यावी. काढताना आधी खालचं काढावं, नाहीतर वरचं पाणी खालच्यावर गळतं. आठवड्यातनं एकदा ही जाळी धुवावी. आणि वहिनी, लावील त्यानं काढू नये, काढील त्यानं लावू नये. एकाच माणसावर सारं पडलं की वसा मोडला."

"उद्यापन कधी करायचं?"

"याला उद्यापन नाही. जेवणारी तोंडं आहेत तोवर करायचा."

एवढं बोलून सगुणाबाईनं पेला धुतला, पाणी प्याली आणि गेली.

पहिल्या दिवशी द्वारकाबाईंनी जाळी धुतली. दुसऱ्या दिवशी दोघे लेक यंत्रापुढे वाकले, ताटं कशी बसतात ते पाहू लागले, आणि तिथंच बोलू लागले. तिसऱ्या दिवशी अण्णा जेवून उठले. पंचाहत्तर वर्षांत त्यांनी ताट उचललं नव्हतं. त्यांनी उचललं. ताट कललं, आमटीचा ओघळ धोतरावर आला. कुणी हसलं नाही. ते ताट निपटून, खालच्या खणात लावून मगच हात धुवायला गेले.

महिना झाला. द्वारकाबाई स्वतः एसटीत बसल्या. थोरलीच्या माहेरी गेल्या. थोरली अंगणात धान्य निवडीत होती. द्वारकाबाई तिच्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, "नलिनी, माझ्यामुळं तुझी आई तुला भेटली नाही. मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. तेवढं तोंड नाही मला." थोरली म्हणाली, "हो." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "जेवलात का?"

आठ दिवसांनी थोरली घरी आली. पहिल्या दिवशी ती मोरीकडे गेली नाही. कुणी जा म्हटलं नाही. हळूहळू तिचे हात भरून आले. पण पूर्वी ती काम करताना गुणगुणत असे, ते काही परत आलं नाही.

पुढं वैशाखात घरी द्वारकाबाईंच्या माहेरची मंडळी जेवायला आली. बावीस पानं उठली. तों धाकटीचा फोन वाजला. तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. धाकटीच्या हातात उष्टी ताटं होती. तिनं मोरीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं.

थोरलीनं तिच्या हातातली ताटं काढून घेतली. म्हणाली, "हात पूस. गाडी अर्ध्या तासात आहे."

"वहिनी, एवढं सगळं पडलंय."

"पडू दे. इथं लावायला माणसं आहेत. तिथं तू एकटीच लेक आहेस. जा."

धाकटी गेली. थोरलीनं ताटं निपटून लावली. द्वारकाबाईंनी वाट्या लावल्या. दार लावलं. यंत्र सुरू झालं.

धाकटी पोचली तेव्हा वडील शुद्धीवर होते. त्यांना नीट बोलता येत नव्हतं, पण त्यांनी तिला ओळखलं. तिनं त्यांना चमच्यानं पाणी पाजलं. ते दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी पहाटे, तिच्या मांडीवर, गेले.

दिवस करून धाकटी परत आली. थोरलीजवळ बसली. म्हणाली, "वहिनी, भेटले मला." थोरली म्हणाली, "बरं झालं." मग ती उठून मागच्या खोलीत गेली. तिनं दार लोटलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. बाहेर द्वारकाबाई दाराला पाठ लावून बसल्या, आणि कुणाला आत जाऊ दिलं नाही.

अन्नपूर्णे, थोरलीला जे मिळालं नाही ते तिनं धाकटीला दिलं. जसे धाकटीला वडील भेटले, तसं तुम्हां आम्हां लेकीसुनांना आपलं माणूस वेळेवर भेटो. उष्ट्या ताटांपायी कुणाची वाट अडू नये. ही साठां ताटांची कहाणी पांचा ताटांत आवरली, ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो, इथं पुरी झाली.