पणजीचा शंख

समुद्राला गप्पा मारायला सवड असायची, तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्यावर शंखात राहणाऱ्या खेकड्यांचं एक घराणं होतं. त्यांचे शंख ठरलेले असत: लहानपणी पणजीचा पांढरा, मोठेपणी आजीचा. पोवळी खेकडीनं आपल्या लेकीला, टिकलीला, रीतीप्रमाणे पांढऱ्या शंखात बसवलं. पण टिकलीच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. सारखी इकडून तिकडे वळायची.

"आई, आत टोचतंय गं."

"होईल सवय. मला नाही का झाली?" पोवळी म्हणाली खरी, पण ते टोचणं तिला अजून आठवत होतं.

एका ओहोटीला टिकली म्हणाली, "मी दुसरा शोधते."

"वेड लागलंय का? शंखाबाहेर अंग उघडं पडतं. वर घार टपलीय! आणि घराण्याला काय सांगू मी?"

"पणजीला हा कुणी दिला होता?"

पोवळी तावातावानं बोलायला गेली आणि अडखळली. "कुणी नाही. तुझ्याएवढी असताना तिनं आईचा शंख सोडला आणि हा वाळूतून उचलला."

टिकलीनं आपलं मऊ अंग बाहेर काढलं आणि ती जवळच्या तपकिरी शंखाकडे निघाली. वाळूवरून घारीची सावली सरकली. पोवळी धडपडत धावली आणि आपल्या शंखाचा आडोसा करून लेकीवर उभी राहिली.

"आटप गं बाई लवकर!" ती ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण नीट चाचपून घे. टोचत नाही ना, बघ."