चाकांची गव्हाण

पूर्वी कुंदनगरात वसुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राजाचे गोधन मोठे. पण गुराखी वैरण जमिनीवर टाकीत, निम्मी खुरांखाली तुडवली जाई, आणि दांडगे बैल दुबळ्या गाईंना जवळ फिरकू देत नसत. गव्हाण एका जागी पक्की बांधावी, तर तिच्याभोवती चिखल होऊन गुरांचे खूर सडत. म्हणून बोधिसत्त्वाने सुतारांबरोबर बसून चाकांची गव्हाण करवली. सागाची चौकट, खैराचा आस, बाभळीची चाके, शिंगे अडकू नयेत असे तिरपे दांडे, आणि वासरांचीही तोंडे पोचतील इतकी ती ठेंगणी. रोज ती ओढून कोरड्या जागी न्यायची, एवढेच काम. ती गोधनाध्यक्ष विपुलाच्या हवाली करून बोधिसत्त्व राजकार्यासाठी सीमेवर गेला.

पावसाळा सरल्यावर परतला तो थेट गोठ्यावर आला. पाहतो तो काय, घोट्यापर्यंत शेणचिखल, त्यात तुडवलेली वैरण, आणि बरगड्या दिसणाऱ्या गाई. धूसरी नावाची गाय आडवी पडली होती, आणि तिचे वासरू तिला ढुशा देत होते.

"गव्हाण कुठे आहे?" त्याने काळक गुराख्याला विचारले.

"आत आहे, धनी. आम्हांला तिला हात लावायची बंदी आहे."

आत गव्हाण तेल चोळून, रेशमी वस्त्र पांघरून, फुलांच्या माळा घालून उभी होती. विपुल हसतमुखाने पुढे आला. "बघा अमात्य, एक ओरखडा नाही! चिखलात नेली असती तर केव्हाच वाट लागली असती. आज महाराज पाहुण्या राजांना घेऊन येताहेत, त्यांना दाखवायची आहे."

बोधिसत्त्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर गुरे मरताहेत आणि हा लाकूड जपत बसलाय!

"अरे, बैलांच्या धडका सोसाव्यात म्हणूनच ती एवढी मजबूत केली! ती टिकावी म्हणून गुरांनाच मारायला निघालास?" असे म्हणत त्याने माळा ओरबाडून फेकल्या आणि काळकासह चाकाला खांदा लावला.

इतक्यात राजा पाहुण्यांसह दारात आला. "अमात्य, ती बाहेर गेली तर तुमचे पदही गेले समजा."

"जाऊ द्या, महाराज. जरा बाजूला व्हा, गुरे उपाशी आहेत."

राजा नकळत बाजूला झाला. चिखलातून ओढत दोघांनी गव्हाण कोरड्या उंचवट्यावर नेली आणि वैरणीने भरली. एका बैलाने येताच धडक दिली. चौकट करकरली, पण डगमगली नाही. गाई दांड्यांतून माना घालून खाऊ लागल्या. धूसरी मात्र उठली नाही. काळकाने तिच्या तोंडाशी गवत धरले, तेव्हा तिचा श्वास थांबला होता. पाहुण्यांसमोर राजाची मान खाली गेली. त्याने पद काढले ते विपुलाचे. पण त्यामुळे धूसरी थोडीच परत येणार होती!

विहारात जमलेल्या भिक्षूंना ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा काळक म्हणजे आज रुग्णांची सेवा करणारा मंगल. वसुषेण म्हणजे विहाराला कांबळी देऊन, ती नवीकोरी राहिली ना, हे पाहायला येणारा श्रेष्ठी. अमात्य मीच होतो. आणि विपुल? मळतील म्हणून तीच कांबळी कोठीत कोंडून ठेवणारा हा उत्तरक. पलीकडे आजारी भिक्षू थंडीने कुडकुडताहेत. उत्तरका, ऊठ, आधी कोठी उघड!"

ही करुणापारमितेची कथा. करुणेला राग येतच नाही, असे कुणी समजू नये.