पेटीचा बसलेला ‘ग’

फार वर्षांपूर्वी, माझा भाता अजून फाटला नव्हता तेव्हा, मी शाळेतली पेटी स्वतःला मोठी गानसम्राज्ञी समजत असे. गाण्याच्या तासाला मुलं तोंड उघडायची आणि त्यांच्यावर मी ओरडायचे.

“पेटीताई, तुझ्या गोंगाटात पोरांना स्वतःचा आवाज ऐकू येतो का गं?” तबला विचारायचा.

“मी आहे म्हणून ती सुरात आहेत! तू आपली शाई सांभाळ,” मी फणकारायचे.

मग एका उंदराने माझ्या पोटात चिंध्या कोंबल्या आणि माझा ‘ग’ बसला. वर्गात ‘सा’ झाला, ‘रे’ झाला, ‘ग’वर मी नुसतीच फुसफुसले. मुलं खिदळली. आता आपली रवानगी अडगळीत, हे मी ओळखलं.

तेवढ्यात एक बारीक, नितळ ‘ग’ ऐकू आला. वर्गात कधी चकार शब्द न काढणारी कुंदा गात होती! खरं तर ती रोजच गायची. माझ्या आवाजाखाली ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं, तिलासुद्धा.

“पुन्हा म्हण, बाळ,” बाई म्हणाल्या. कुंदाने म्हटलं आणि सगळ्या वर्गाने तिच्या सुरात सूर मिळवला. बाईंनी माझी दुरुस्ती मुद्दाम लांबवली.

आमच्या शाळेतल्या मुलांचा ‘ग’ फार पक्का, असं लोक अजून म्हणतात. तेवढा एकच स्वर मी शिकवलेला नाही.