अख्ख्या आल्याचा चहा

गारपिटीत सोलर प्रकल्पाची पॅनेलं फुटली आणि कंपनीचे अधिकारी दप्तरदारसाहेब तो सगळा चुरा गावाच्या विहिरीशेजारच्या खड्ड्यात पुरायला निघाले. सरपंच इंदुताई भामरे ट्रकसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "यातलं शिसं आमच्या पाण्यात उतरेल!"

"अहो ताई, रीतसर तपासणी झालीय," साहेब रुबाबात म्हणाले. "अख्खं पॅनेल पाण्यात बुडवून ठेवलं होतं. शिशाचा कणही उतरला नाही!"

इंदुताई गालात हसल्या. "असं होय? मग घरी चला, आल्याचा चहा घ्या."

पहिल्याच घोटाला साहेबांनी तोंड वाकडं केलं. "ताई, यात आलं कुठंय?"

इंदुताईंनी पातेलं पुढे धरलं. तळाशी सालीसकट अख्खं आलं पहुडलं होतं.

साहेब खो खो हसले. "अहो, आलं ठेचून टाकायचं असतं! अख्ख्याचा अर्क उतरतो होय?"

"तेच म्हणते मी, साहेब! खड्ड्यात ठेचलेलं घालताय, मग तपासलंत अख्खं कशाला?"

साहेबांचं हसू मिशीतच अडकलं. त्यांनी चालकाला फोन करून ट्रक पुनर्वापराच्या कारखान्याकडे वळवला. इंदुताईंनी मात्र पाहुण्याला तसंच जाऊ दिलं नाही. खलबत्ता काढला, आलं चांगलं ठेचलं आणि दुसरा चहा टाकला.