कालच्या पाण्याची कळशी

फार मागं एका माळावरच्या घरात एक पितळी कळशी राहायची, परसात एक लिंबोणी आणि दोघींची मालकीण चंद्राक्का. लिंबाच्या सालीनं घासली की कळशी कशी लखलखायची, म्हणून लिंबोणीवर कळशीचा भारी जीव.

पण चंद्राक्का रोज सकाळी कालचं पाणी शिळं म्हणून अंगणात ओतून द्यायची आणि कोसभर चालून विहिरीचं ताजं आणायची. लिंबोणी मात्र तहानेनं वाळून काटकी झाली. धनी म्हणाला, “उद्या तोडतो, चुलीला तरी होईल.”

सकाळी अक्का कळशी उपडी करायला लागली, तशी कळशी म्हणाली, “अक्का, हे शिळं कसं गं?”

“रात्र उलटली की शिळंच.”

“मग विहीर काय रोज नवं पाणी रांधते? तिथंही कालचंच की.”

“भांड्याला बरंच तोंड फुटलंय,” अक्का म्हणाली, पण तिचा हात थांबला. अर्धं पाणी तिनं पिण्याला ठेवलं, अर्धं लिंबोणीच्या बुडाशी घातलं. धनी कुऱ्हाड घेऊन आला, त्याला म्हणाली, “अहो, आठ दिवस थांबा.”

आठव्या दिवशी काटकीला पोपटी कोंब फुटला. पुढच्या उन्हाळ्यात लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरली, विहिरीच्या खेपा निम्म्या झाल्या आणि चंद्राक्का दुपारची निवांत पाठ टेकू लागली.